आगरातली विहीर की सड्यावरची? एका दोन फुटी टँकचं प्रकरण

गुहागर तालुक्यातल्या एका किनारी गावात माझी मावशी आणि काका राहतात. पुढे सुरूची रांग आणि समुद्र, मग आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आगराच्या कडेला घर, घरापुढून गावचा रस्ता आणि रस्ता ओलांडला की लगेच जांभ्याचा चढ. काका पोस्टातून निवृत्त झालेत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून शिंपणं-झापणं गड्यावर सोपवावं लागलं, आणि हाताला सतत काही लागणारा हा माणूस पडवीत नुसता बसून राहतो हे मावशीला बघवेना. गणपती झाल्यावर एके दिवशी काकांचाच फोन आला. "अरे, घरात झाडं असलेला छोटा फिश टँक ठेवावा म्हणतोय. नातीलाही आवडेल. मला जमेल का?"

मी चिपळुणात राहतो आणि पंधराएक वर्षं घरी टँक ठेवतोय. नवख्या माणसाचा टँक मोडतो तो बहुधा आखणीत मोडतो. मासे आवडीने ठरतात, काच दुकानात असेल ती येते, आणि पाण्याचा विचार मासे मेल्यावर सुरू होतो. म्हणून मी काकांना सांगितलं की अजून काहीही विकत घेऊ नका, आधी तुमच्याकडून काय होणार नाही तेवढं लिहून काढा.

त्यांनी वहीत चार ओळी लिहिल्या. भरलेली बादली उचलणार नाही. आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ खाली वाकून काम करणार नाही. दर दोन महिन्यांनी आठवडाभर पुण्याला लेकाकडे जाणार. पावसात लाईट जाते, त्याला आपण काही करू शकत नाही. पुढे अक्षर बदलून मावशीने पाचवी ओळ घातली होती: सहा हजारांच्या वर खर्च नाही.

पुढचा प्रत्येक निर्णय या पाच ओळींवर घासून घेतला.

जागा

काकांनी जागा आधीच हेरली होती. माजघरातला पूर्वेच्या भिंतीकडचा कोपरा, जिथे ऊन येत नाही आणि बसल्या जागेवरून दिसतो. मावशीने एका वाक्यात तो रद्द केला. "तिथे गणपती बसतो." दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक भरला की पाण्याचे चाळीसेक किलो, वाळूचे पंधरा, काचेचे नऊ-दहा, शिवाय झाडं आणि करवंट्या असं सत्तर किलोच्या आसपास वजन होतं. भरलेला टँक सरकवायचा नसतो, काचेचे सांधे सुटतात. दरवर्षी मखरासाठी तो रिकामा करणं म्हणजे दरवर्षी नव्याने सुरुवात करणं. त्यामुळे टँक समोरच्या भिंतीला गेला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. नळही तिथून जवळ होता, आणि पुढे त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

खाली प्लायवूडचं कपाट घ्यायचं नाही हे माझं मत पक्कं होतं. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमटपणात प्लाय फुगतो आणि टँकचं वजन एका कोपऱ्यावर येतं. घरामागे चिरे पडलेले होते. त्यांच्या दोन रांगा रचून वर कडप्प्याची फळी टाकली, पाणसळ लावून समतल केली आणि काचेखाली थर्माकोलचा तुकडा घातला. काकांना खुर्चीत बसून हात आत घालता येईल एवढीच उंची ठेवली.

दोन पाणी

घराला दोन पाणी आहेत. आगरातली विहीर वाळूत आहे, समुद्रापासून फार तर दोनशे पावलांवर. नळाला येतं ते वर सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, उतारावरच्या, जांभ्यात खोदलेल्या विहिरीचं. मी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा पेन आणि थेंब टाकून मोजायचे किट घेऊन गेलो. आगरातल्या पाण्याचा टीडीएस ५१० आला, पीएच ७.८, केएच ९. वरच्या पाण्याचा टीडीएस अवघा ५८, पीएच ६.२ आणि केएच १.

किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो. त्यातला चुना पाण्यात उतरतो, त्यामुळे वाळूतल्या विहिरीचं पाणी जड आणि थोडं अल्कधर्मी असतं. जांभ्यातून पावसाने चुना कधीच वाहून गेलेला आहे, मागे उरलंय ते लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून जांभ्यातलं पाणी हलकं आणि थोडं आम्लधर्मी. केएच म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद. तो १ असेल तर टँकमध्ये रोज तयार होणारं थोडंसं आम्लसुद्धा पीएच खाली ओढू शकतं.

काकांना गप्पी हवे होते. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं हौदा-टाक्यांत सोडायला गप्पी देतात, तेव्हा मासा ओळखीचा आणि फुकटचा. गप्पीला जड पाणी मानवतं, म्हणजे रसायनाच्या हिशेबाने आगरातली विहीर योग्य होती. पण ते पाणी मे महिन्यात मचूळ होतं हे मावशी लग्न होऊन आल्यापासून बघतेय. दुसरं म्हणजे ते आणायचं तर बादली उचलावी लागणार होती आणि वहीतली पहिलीच ओळ आडवी येत होती. शिवाय गप्पीच्या मादीला महिन्याभरात पिल्लं होतात आणि चाळीस लिटरमध्ये ती मावत नाहीत. फक्त नर ठेवले तर हा प्रश्न सुटतो, पण पहिले दोन सुटत नाहीत.

म्हणून नळाचं, म्हणजे सड्यावरचं पाणी ठरलं. निवड गुडघ्याने केली असं काका म्हणाले, आणि मला ते अगदी बरोबर वाटतं. रसायनाने योग्य पण माणसाला न झेपणारं पाणी पहिल्या तीन महिन्यांनंतर कोणी बदलत नाही. एकदा हे पाणी ठरल्यावर हलकं पाणी मानवणारी झाडं आणि मासे शोधायचे, एवढंच उरलं.

पाणी बदलायची सोयही तेव्हाच ठरवली. पडवीत पन्नास लिटरचा ड्रम, तोंडाला मच्छरदाणीची जाळी बांधलेली. तो नळाच्या पाइपने भरायचा आणि किमान एक दिवस तसाच ठेवायचा. कारण पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, आणि ज्या दिवशी टाकते त्या दिवशीचं पाणी थेट टँकमध्ये गेलं तर माशांचे कल्ले जळतात आणि फिल्टरमधले जीवाणू मरतात. उघड्या ड्रममध्ये हा क्लोरीन दिवसभरात उडून जातो. तिथून पाणी टँकमध्ये चढवायला कूलरचा छोटा पंप आणि प्लॅस्टिकची नळी. टँकमधलं जुनं पाणी दुसऱ्या नळीने खिडकीतून बाहेर, थेट केळीच्या आळ्यात. कुठेही बादली नाही. एक गोष्ट मात्र मी दोनदा बजावली: पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे, आणि प्रत्येक वायरचा झोल बोर्डाच्या खाली लोंबता ठेवायचा, म्हणजे ओघळलेला थेंब बोर्डात न जाता खाली पडेल. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यावरच्या घरांतले प्लग पॉइंट तसेही गंजलेले असतात. काकांनी त्या बोर्डातले दोन्ही सॉकेट बदलून घेतले.

शिंपले

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पडवीत एक गोणी होती. काकांनी गड्याकडून किनाऱ्यावरची पांढरी वाळू आणून ठेवली होती आणि तिच्यावर नातीने मे महिन्यात वेचलेले शिंपले. हे सगळं टँकमध्ये घालायचं अशी त्यांची कल्पना होती, आणि दिसायला ते खरंच सुंदर दिसलं असतं.

वाटीत चमचाभर वाळू घेऊन वर व्हिनेगर ओतलं. वाळू फसफसली. चुना आम्लात विरघळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, ते हेच. पंधरा किलो अशी वाळू तळाला घातली तर महिन्याभरात नळाचं पाणी आगरातल्या विहिरीसारखं झालं असतं, आणि दर पंधरवड्याला आपण त्यात पुन्हा हलकं पाणी ओतलं असतं. माशांना सतत वर-खाली होणारं पाणी सगळ्यात जास्त त्रास देतं. शिवाय किनाऱ्यावरच्या वाळूत मीठ असतं ते वेगळंच. गोणी परत गेली. शेजारी घर बांधून उरलेली नदीची वाळू मिळाली. ती चाळली, व्हिनेगरची परीक्षा घेतली, फसफसली नाही, मग पाणी नितळ येईपर्यंत धुतली. दोन इंचाचा थर. शिंपले मी बाजूला एका बरणीत भरून ठेवायला सांगितले.

मुळांना खाद्य म्हणून आगरातली माती घालू का, असं मावशीने विचारलं. ती शेणखताने भरलेली. पाण्याखाली ते कुजतं आणि अमोनिया सुटतो, म्हणून नको. पण सड्यावरची तांबडी माती चालते. पाणवनस्पतींना लोह लागतं आणि ही माती लोहाने भरलेली. परदेशांत टँकच्या तळाला घालायला हीच जांभ्याची माती पाकिटांतून विकली जाते आणि आपल्याकडे ती अंगणात पडलेली असते, याचं मला दरवेळी नवल वाटतं. मूठभर माती चाळून, भिजवून सुपारीएवढे गोळे केले, उन्हात कडक वाळवले आणि झाडांच्या मुळांशी वाळूत खोल दाबले. वर राहिले तर पाणी तांबडं होतं.

झाडं मुद्दाम संथ वाढणारी घेतली: क्रिप्टोकोरायनीची पाच रोपं, जावा फर्नचे दोन गड्डे, आणि वर तरंगायला हॉर्नवर्टची एक जुडी. हॉर्नवर्ट भराभर वाढतं, पण पहिल्या महिन्यांत पाण्यातला अमोनिया शोषायला तेच हवं असतं. वाढलेलं काढून केळीला घालायचं, नदी-ओढ्यात कधीही टाकायचं नाही. जावा फर्नचा गड्डा वाळूत पुरला तर कुजतो. तो उकळून घेतलेल्या करवंट्यांना दोऱ्याने बांधला, आणि करवंट्या पालथ्या घातल्यामुळे माशांना लपायला जागाही झाली. सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये क्रिप्टोकोरायनीच्या देशी जाती आहेत, त्यातली एखादी आणू का असं काकांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्यातली काही दक्षिण कोकणात मोजक्याच ठिकाणी तग धरून आहेत, त्यांना ओढ्यातून उपटणं बरोबर नाही, आणि दुकानात मिळणारी श्रीलंकेची जात वाढवायला सोपी आहे.

दरम्यान एका दुकानात काकांना हीटर, सीओटूचा सिलिंडर आणि मोठा कॅनिस्टर फिल्टर असं सगळं सुचवलं गेलं होतं. किनाऱ्यावरच्या घरात हीटरचं काम नाही. या झाडांना सिलिंडर लागत नाही. फिल्टर म्हणून हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज पुरतो, फक्त पंप पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीला लावायचा. खाली ठेवला आणि लाईट गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. दिवा नऊ वॉटचा एलईडी, टायमरवर संध्याकाळी चार ते दहा. सुरुवातीला सहा तासच, जास्त दिलं की झाडांआधी शेवाळ वाढतं.

अडकलेला महिना

१० ऑक्टोबरला पाणी भरलं. मासे लगेच घालायचे नाहीत हे काकांना पटवणं सोपं गेलं, कारण त्यामागचं कारण त्यांना आवडलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं झाडांचं खाद्य. हे जीवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाणं रिकाम्या टँकमध्ये टाकायचं, म्हणजे त्यांनाही काही मिळतं. मी पाच आठवडे सांगितले होते.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला. "सगळं कुजलं रे. पानं हाताला चिकट लागतायत." क्रिप्टोकोरायनी जागा बदलली की पानं गाळते, विरघळून जावीत तशी. काकांनी दोन रोपं उपटून टाकलीही होती. उरलेली तीन तशीच ठेवा, मुळं जिवंत आहेत, फक्त कुजलेली पानं कापा, असं सांगितलं. हे मी आधीच सांगायला हवं होतं. नवख्या माणसासमोर झाड विरघळतं तेव्हा त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं, आणि तो झाड फेकून देतो.

दिवाळीत नात आली तेव्हा टँकमध्ये तीन बुटके कोंब आणि हिरवा झुपका होता. मासे नव्हते. तिने रोज भिंग घेऊन काचेवरच्या गोगलगायी मोजल्या. झाडांबरोबर आलेल्या बारीक गोगलगायी होत्या त्या. आणि एका सकाळी तिनेच दाखवलं की त्यांच्या शंखांवर पांढरे खड्डे पडलेत.

त्यावरून खरा प्रश्न उघड झाला. पाचवा आठवडा चालू होता तरी अमोनिया उतरत नव्हता. पीएच मोजला, ५.९. केएच मोजायला गेलो तर पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे जवळजवळ शून्य. जीवाणूंचं काम स्वतःच आम्ल तयार करतं. केएच एवढा कमी असल्यामुळे पीएच घसरला होता, आणि घसरलेल्या पीएचमध्ये तेच जीवाणू मंदावले होते. शंख विरघळत होते ते त्याच पाण्यात. केएच १ बघूनही मी याची तजवीज केली नव्हती. माझ्या चिपळूणच्या नळाचं पाणी एवढं हलकं नाही, आणि मी त्याच अंदाजाने चाललो होतो.

बरणीतले शिंपले तेव्हा बाहेर आले. मूठभर शिंपले घासून-धुऊन मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधले आणि स्पंजशेजारी, जिथे पाणी हलतं तिथे, लोंबत सोडले. हिशेब केला तर चाळीस लिटर पाण्याचा केएच दोनाने वाढवायला दीड ग्रॅमच्या आसपास चुना पुरतो. पाणी आम्लधर्मी असेल तोवर शिंपला विरघळतो, पाणी सुधारलं की वेग आपोआप मंदावतो. पंधरा किलो वाळू आणि एक मूठ शिंपले यांत फरक एवढाच, की मुठीची पुरचुंडी हवी तेव्हा वर काढता येते.

मासे नसतानाच हे केलं, याला महत्त्व आहे. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो आणि त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. पीएच एका अंकाने चढला की त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. २५ अंश तापमानाला पीएच ६ वर तो एका टक्क्याचा सतरावा-अठरावा भाग असतो, ७ वर अर्धा टक्का, ८ वर पाच टक्क्यांच्या पुढे. साठलेल्या अमोनियाच्या पाण्यात मासे असताना शिंपले किंवा सोडा घातला असता, तर पाणी सुधारता सुधारता मासे गेले असते.

दहा दिवसांत केएच ३ आला आणि पीएच ६.८. अमोनिया उतरायला लागला, नायट्राइट चढून उतरलं. ५ डिसेंबरला, आठव्या आठवड्यात, दोन्ही शून्य मिळाले.

मासे

सहा चेरी बार्ब आणि तीन हनी गुरामी, एक नर, दोन माद्या. दोन्ही लहानखुरे आणि हलक्या पाण्यात रमणारे. गुरामी घेण्यामागे लाईटचा विचार होता. फायटर माशाप्रमाणेच गुरामीला कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायू घेणारा अवयव असतो. पाण्यातला कमी पडला की तो वर येऊन श्वास घेतो. पाटाच्या पाण्यात वरवर तरंगणारे, डोक्यावर चमकता ठिपका असलेले मासे काकांच्या मनात होते. मलाही ते फार आवडतात आणि या पाण्यात ते राहिलेही असते. पण ते उडी मारतात, तोंडात मावेल तो मासा खातात, आणि ओढ्यातून आणलेल्या माशाबरोबर परजीवी येतात. पहिल्याच टँकसाठी नको असं ठरलं.

आधी बार्ब घातले, दोन आठवड्यांनी गुरामी. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, रविवारी उपास. पुण्याला जाताना शेजाऱ्यांना डबा द्यायचा नाही. पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर खाण्याशिवाय आरामात राहतात. प्रेमापोटी दिलेलं जास्तीचं खाणं मात्र पाणी नासवतं. पहिल्या वेळी काकांना हे क्रूर वाटलं आणि पुण्याहून त्यांनी रोज मला फोन केला. परत आले तेव्हा नऊच्या नऊ मासे काचेशी हजर होते.

मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेलं. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. घाटावर लोक पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश उतरवतात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बाष्पीभवन कमी, त्यामुळे एक अंशही नीट उतरला नाही. मासे मोजकेच ठेवल्यामुळे निभावलं. आगरातल्या विहिरीचा टीडीएस त्याच आठवड्यात मोजला, ९८० होता.

पावसाची मला खरी काळजी होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत लाईट कित्येक दिवस नव्हती, तेव्हा एका ओळखीच्या घरातला भरगच्च टँक दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेला मी पाहिलाय. काकांना म्हणूनच सेलवर चालणारा हवेचा छोटा पंप घेऊन ठेवायला लावलं. जुलैत एकदा चौदा तास लाईट गेली. काकांनी खाणं बंद ठेवलं, झाकण थोडं उघडलं आणि सेलचा पंप रात्रीपुरता लावला, कारण अंधारात झाडंही प्राणवायू वापरतात. सकाळी गुरामी वर, बार्ब करवंट्यांखाली.

सगळा खर्च पाच हजार चारशे झाला. पंधरा दिवसांनी एकदा आठ लिटर पाणी बदलतात. शिंपल्यांची पुरचुंडी केएच ४ च्या वर गेला की बाहेर, २ वर आला की आत, आणि ही नोंद काका तारखेनिशी वहीत ठेवतात. श्रावणात क्रिप्टोकोरायनीला वाळूखालून नवी रोपं फुटली, तिनाची अकरा झाली आहेत. शेजारच्या वहिनींना त्यातली दोन हवी आहेत, पण त्यांच्या घरी नळ नाही, पाणी आगरातल्या विहिरीचंच. काकांनी पेन घेऊन जाऊन त्यांचं पाणी मोजलं आणि मला रात्री फोन केला. "टीडीएस ६२० आहे. त्यांना क्रिप्टो नको देऊ या, आधी हॉर्नवर्ट देतो आणि नर गप्पी सांगतो. बरोबर ना?"

बरोबर, म्हटलं. फक्त टँक गणपतीच्या जागेवर ठेवू नका म्हणावं.